तुटलेल्या ॲक्सलचे बिल कोणाच्या नावावर?

साखर हंगाम ऐन भरात असावा, पहाटेचे धुके अजून विरलेले नसावे, आणि कराड–तासगाव रस्त्याच्या कडेला उसाने लादलेली एखादी गाडी एका अंगाला कलंडून उभी असावी, हे दृश्य सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत कोणालाही नवे नाही. मागच्या चाकांना दगडांची उटी लावलेली असते. इशारा म्हणून उसाचे वाढे रस्त्यावर पसरलेले असते. चालक डोक्याला मफलर गुंडाळून टायरशी बसलेला असतो. जाणारा-येणारा क्षणभर थांबतो, ‘ॲक्सल गेला वाटतं,’ असे म्हणतो आणि पुढे निघून जातो. कलंडलेल्या गाडीवर एखादा मोटारसायकलस्वार आदळून प्राणास मुकला, तरच दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात चार ओळी येतात. नुसता ॲक्सल तुटल्याची बातमी होत नाही.

परंतु त्याच रात्री कोणत्या तरी घरात संपूर्ण हंगामाचा हिशेब कोसळलेला असतो. तो हिशेब कोणाचा, तो कोणाच्या माथी मारला जातो, आणि ज्यांनी त्यातून नफा घेतला ते त्यातून अलगद कसे निसटतात, हे तपासल्याशिवाय सहकाराच्या गोडव्याची स्तोत्रे गाण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.

प्रथम खर्चाची बाजू पाहावी. दुकानदाराच्या बिलावर ॲक्सलची एक किंमत छापलेली असते आणि बाहेरच्या माणसाला वाटते की नुकसान तेवढेच. वस्तुतः ती किंमत नुकसानाचा आरंभ आहे. ॲक्सलबरोबर बेअरिंग जाते, ऑईल सील जाते, कित्येकदा हब आणि हाउसिंगही निकामी होते. भरलेली गाडी जागेवर दुरुस्त होत नसेल तर ऊस उतरवावा लागतो. त्यासाठी दुसरी गाडी आणि भरण्या-उतरवण्याची मजुरी लागते. क्रेनचे भाडे वेगळे, मेकॅनिकची मजुरी वेगळी. तोडलेला ऊस वाळतो, त्याचे वजन घटते, आणि वाहतुकीचा पैसा टनावर मिळत असल्याने ती घटही गाडीवाल्याच्याच खात्यावर पडते. गाडी उभी असते, पण कर्जाचा हप्ता उभा राहत नाही. चालकाचा पगार आणि भत्ता चुकत नाही. फडात बसून राहिलेल्या तोडणी टोळीला टनावर मजुरी मिळत असल्याने गाडी नाही तर तोड नाही, आणि तोड नाही तर मजुरी नाही, अशी तिची गत होते. मग ती टोळीही गाडीवाल्याच्याच नावाने बोटे मोडते.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहावा. समजा, डिझेल, चालक, टायरची झीज आणि हप्ता वजा जाता एका खेपेमागे ८०० रुपये हाती उरतात. ॲक्सल, सुटे भाग, क्रेन, मजुरी आणि बुडालेले दिवस मिळून ४०,००० रुपये लागले असे धरावे. म्हणजे पन्नास खेपा गेल्या. दिवसाला दोन खेपा पडल्या तरी पंचवीस दिवसांचे श्रम एका तुटलेल्या दांड्याने गिळले. हंगामच जेमतेम शंभर-सव्वाशे दिवसांचा! एकाच हंगामात असा प्रसंग दोनदा ओढवला, तर गाडीवाला वर्षाअखेरीस आपल्याच गाडीचा बिनपगारी हमाल ठरतो.

यावर साखर कारखानदारीतील शहाण्यांचे उत्तर ठरलेले आहे. ते म्हणतात, गाडी त्याची, तो मालक. मालकाने आपल्या मालमत्तेची निगा राखावी. जादा ऊस भर असे त्याला कोणी सांगितले होते? हे उत्तर वरवर बिनतोड वाटते. म्हणून ते उसाच्या कांडीसारखे सोलून पाहिले पाहिजे.

गाडीवाला मालक आहे, म्हणजे नेमका कशाचा? गाडी बँकेकडे तारण असते. टोळीची उचल त्याने मुकादमाला दिलेली असते, आणि तीही बहुधा कर्ज काढून. टोळी आलीच नाही, अथवा अर्ध्या हंगामात पळाली, तर उचल बुडते आणि कर्ज मात्र राहते. सातारा-सांगलीत अशा रीतीने कर्जबाजारी झालेल्या वाहतूकदारांची वानवा नाही. कोणत्या फडात जायचे हे तो ठरवत नाही. ते कारखान्याचा शेती विभाग ठरवतो. कोणत्या रस्त्याने जायचे हे पाणंद ठरवते. किती दराने वाहायचे हे करार ठरवतो, आणि कराराच्या मजकुरातील एक काना-मात्राही त्याच्या हाती नसते. गव्हाणीबाहेरच्या वाहनतळावर किती तास तिष्ठायचे हेही तो ठरवत नाही. काम, वाट, वेळ आणि मोल यांपैकी कशावरही ज्याची सत्ता नाही, त्याला ‘मालक’ म्हणणे ही भाषेची चेष्टा आहे. तो स्वतःच्या अवजारासह राबणारा मजूर आहे. फरक इतकाच की गिरणीतल्या मजुराचा चाती-माग मोडला तर त्याचे बिल त्याच्या घरी येत नसे, याचे येते. मालकीचा मान त्याला देण्यात आला तो नेमका एवढ्याचसाठी, की मोडतोडीचा भार उचलण्यास कोणीतरी ‘मालक’ असावा.

आता जादा भराईचा आरोप. ट्रकवर किती वजन लादता येते, याला कायद्याची मर्यादा आहे. केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये ही मर्यादा वाढवली. मागे चार टायर असलेल्या एका ॲक्सलवर पूर्वी १०.२ टन भार चालत असे, तो ११.५ टन करण्यात आला. दोन ॲक्सलच्या ट्रकचे भरलेले एकूण वजन १८.५ टनांपर्यंत नेण्यात आले. वाहतूक स्वस्त होईल असा या निर्णयाचा डंका पिटण्यात आला. परंतु मर्यादा वाढली की दर त्या मर्यादेला येऊन टेकतो, आणि पुन्हा त्या मर्यादेपलीकडे भरल्यावाचून पोट भरत नाही, हा अनुभव जुनाच आहे.

कारण दर टनावर आहे आणि खर्च खेपेवर आहे. गाडीत दहा टन असोत की बारा, चालकाचा भत्ता तोच, वाहनतळावरचा खोळंबा तोच, बँकेचा हप्ता तोच; डिझेल किंचित अधिक जळते, इतकेच. कायद्यात बसणाऱ्या वजनातून डिझेल, चालक आणि हप्ता भागतो; म्हणजे गाडी जगते. गाडीवाल्याच्या घरची चूल पेटते ती वरच्या दोन टनांवर. दर ठरवणाऱ्यांना हे ठाऊक नाही असे म्हणणे म्हणजे त्यांच्या व्यवहारज्ञानाचा अपमान करणे होय. जादा भर असे तोंडाने कोणी सांगत नाही हे खरे. ते दराच्या आकड्यातून सांगितले जाते, आणि तो आकडा तोंडी हुकमापेक्षा अधिक कठोर असतो.

शिवाय या गुन्ह्याचा पुरावा शोधण्यासाठी कोणा हेराची गरज नाही. तो प्रत्येक कारखान्याच्या वजनकाट्यावर रात्रंदिवस छापला जात असतो. भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, गाडीचा क्रमांक, तारीख, वेळ, सारे पावतीवर असते. त्याच गाडीच्या नोंदणी पुस्तकाची प्रत करार करताना कारखान्याने घेतलेली असते आणि तीत वजनाची कायदेशीर मर्यादा लिहिलेली असते. दोन कागद शेजारी ठेवले की गुन्हा उघडा पडतो. ते दोन कागद कोणीही शेजारी ठेवत नाही, कारण मग गुन्हेगारांच्या यादीत केवळ गाडीवाल्याचे नाव लिहून भागणार नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ याचे शब्दही येथे लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहेत. मर्यादेबाहेरच्या वजनासाठी कलम १९४ मध्ये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, २०,००० रुपये दंड आणि जादा वजनाच्या प्रत्येक टनामागे आणखी २,००० रुपये असे कलम आहे. हा दंड गाडी चालवणाऱ्यालाच नव्हे, तर ती तशी चालवण्यास कारणीभूत होणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही आहे. ‘कारणीभूत होणारा’ हा शब्द कायद्यात वर्षानुवर्षे आहे. परंतु रस्त्यावर पावती फाडताना तो शब्द गाडीच्या काचेपर्यंत येऊन थांबतो; कारखान्याच्या फाटकात तो शिरत नाही. त्याच कायद्याच्या कलम ११३ मध्ये चालकाने जादा वजन नेले तर मालकाच्या माहितीने वा हुकमानेच ते नेले, असे गृहीत धरण्याची मुभा न्यायालयास आहे. मालाचा स्वीकार करून वजनाची पावती देणाऱ्याविषयी मात्र असे काही गृहीत धरले जात नाही. एके काळी काही राज्यांनी पैसे घेऊन जादा वजनाचे परवानेच वाटले होते; सर्वोच्च न्यायालयाने ९ नोव्हेंबर २००५ रोजी परमजित भसीन खटल्यात तो प्रकार बेकायदा ठरवला. कागदी परवाना गेला. पण कमी दराच्या रूपाने तोच परवाना प्रत्येक हंगामात नव्याने वाटला जातो, आणि त्यावर कोणाची सही नसते.

विम्याचे काय, असे कोणी भाबडेपणाने विचारील. मोटार विम्याच्या सर्वसाधारण पॉलिसीत झीज, यांत्रिक बिघाड आणि मोडतोड यांची भरपाई वगळलेली असते. जादा भारामुळे झालेले नुकसान तर नाव घेऊन वगळलेले असते. म्हणजे कमी दर त्याला जादा भरायला लावतो, कायदा जादा भरल्याबद्दल दंड करतो, आणि विमा जादा भरल्याचे कारण दाखवून हात वर करतो. तिन्ही ठिकाणी बोट एकाच माणसाकडे वळते.

सरकारही या रांगेत मागे राहिलेले नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला तेव्हा ट्रकच्या ॲक्सलसारख्या सुट्या भागांवर २८ टक्के कर बसवण्यात आला. चैनीच्या वस्तूंसाठी जो सर्वात वरचा टप्पा राखून ठेवला होता, त्याच टप्प्यात उसाच्या गाडीचा मोडका ॲक्सल जाऊन बसला! २२ सप्टेंबर २०२५ पासून तो दर १८ टक्के झाला आणि त्याचे मोठे कौतुक झाले. आठ वर्षे जे ज्यादा घेतले त्याची खंत मात्र कोणी व्यक्त केली नाही. मोठ्या कंपनीला भरलेल्या कराची वजावट मिळू शकते. ज्याची कराखाली नोंदणीच नाही अशा एका गाडीच्या धन्याला ती मिळत नाही. त्याच्यापुरता तो कर म्हणजे निखळ खर्च.

ॲक्सल तुटतो तो चालकाच्या निष्काळजीपणाने, अशीही एक लोकप्रिय समजूत आहे. तिच्या मुळाशी लोखंडाविषयीचे अज्ञान आहे. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा ॲक्सल तुटला, डबे एकमेकांवर चढून पेटले आणि पन्नासांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या शतकात युरोपातील अभियंत्यांनी हा प्रश्न हाती घेतला. प्रशियातील रेल्वेचा अभियंता ऑगस्ट व्होलर याने ॲक्सलवर वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवून दिले की, एका धक्क्याने जे लोखंड तुटणार नाही, तेच लाखो वेळा ताण पडून पडून तुटते. आत केसाएवढी भेग पडते, ती प्रत्येक फेऱ्यासरशी तसूतसूने वाढते, आणि एके दिवशी साध्या खड्ड्यात वा चिखलातून चाक उपसताना दांडा दुभंगतो. तो ज्या रात्री तुटतो त्या रात्रीचा भार त्याचे निमित्त असतो. कारण मागच्या शेकडो खेपांत साठलेले असते. परंतु बोल लागतो तो त्या रात्री सुकाणूवर बसलेल्या माणसाला. लोखंडाचा हा थकवा आणि त्या माणसाचा थकवा एकाच कारणातून आलेला आहे; कारखान्याच्या दप्तरात दोन्हींसाठी रकाना नाही.

रस्त्याचीही तीच कथा. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवून पाहिले गेले. निष्कर्ष असा निघाला की रस्त्याची हानी ॲक्सलवरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. साध्या भाषेत, ॲक्सलवर एक पंचमांश भार अधिक पडला तर रस्त्याची हानी दुप्पट होते. १०.२ टनांवरून ११.५ टनांवर जाण्याची जी मुभा २०१८ साली मिळाली, तिचाच अर्थ या हिशेबाने दीडपटीहून अधिक हानी असा होतो; बेकायदा भार तर त्याच्या पुढचा. जादा भार रस्ता फोडतो आणि फुटलेला रस्ता ॲक्सल फोडतो. कृष्णाकाठची काळी माती, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत धुपलेले रस्ते आणि अवकाळी पावसात चिखलाचे डबके होणाऱ्या पाणंदी या चक्रात भर घालतात. पाणंद रस्त्यांसाठी २०२१ साली मातोश्रींच्या नावाने योजना जाहीर झाली. ज्या पाणंदीतून अद्याप ट्रॅक्टर उपसून काढावा लागतो, त्या पाणंदीला योजनेचे नाव वाचता येत नाही.

या ठिकाणी एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे, कारण तो साखरसम्राटांकडून नव्हे तर सामान्य ऊस उत्पादकाकडून येतो. महाराष्ट्रात तोडणी आणि वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या रास्त व किफायतशीर दरातून, म्हणजे एफआरपीतून, वजा होतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये दर केंद्राने ठरवला. टनाला ३,५५० रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होऊन उरेल ते शेतकऱ्याचे. तेव्हा गाडीवाल्याचा दर वाढवणे म्हणजे शेतकऱ्याच्या ताटातील भाकरी उचलणे नव्हे काय?

हा प्रश्न शेतकऱ्याच्या तोंडी घातला जातो त्यातच व्यवस्थेचे सारे चातुर्य आहे. तोडणी मजूर, गाडीवाला आणि ऊस उत्पादक या तिघांना एकाच टनाचे तुकडे आपसांत वाटून घेण्यासाठी एका ताटावर बसवायचे, आणि त्या टनातून पुढे जे निघते ते मात्र फाटकाच्या आत ठेवायचे! ऊस आता केवळ साखरेसाठी गाळला जात नाही. भुशापासून वीज होते, मळीपासून अल्कोहोल आणि इथेनॉल होते. रंगराजन समितीने २०१२ साली साखर आणि उपपदार्थ यांच्या उत्पन्नातील सत्तर टक्के वाटा उसाला द्यावा अशी शिफारस केली होती, ती याच जाणिवेतून. तेव्हा मोडलेल्या ॲक्सलचा पैसा शेतकऱ्याच्या ३,५५० रुपयांतून यावा की फाटकाच्या आतल्या उत्पन्नातून यावा, हा खरा प्रश्न आहे. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोड मजुरीत ३४ टक्के वाढ मान्य झाली, तीही संपाच्या इशाऱ्यानंतर. त्या वेळीही शेतकऱ्याला हीच भीती घालण्यात आली. राबणाऱ्या तिघांना एकमेकांची भीती घालणे हे जुने शस्त्र आहे आणि ते अद्याप बोथट झालेले नाही.

शिवाय हे तिघे वेगळे कोठे आहेत? सातारा जिल्ह्यातील माण-खटाव आणि सांगली जिल्ह्यातील जत-आटपाडी येथील माणूस पावसाने दगा दिला की कोयता घेऊन कृष्णाकाठी उतरतो. कृष्णाकाठच्या दोन एकरांच्या शेतकऱ्याचा धाकटा मुलगा शेतात भागत नाही म्हणून ट्रॅक्टर काढतो. बाप सभासद, मुलगा ‘वाहतूक ठेकेदार’. बापाच्या उसाला कायद्याचे संरक्षण आहे. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो की चौदा दिवसांत पैसे द्या, नाहीतर पंधरा टक्के व्याज द्या. त्याच उसाला कारखान्यापर्यंत नेणाऱ्या मुलाला असा कोणताही आदेश ओळखत नाही. एका घराच्या दोन खोल्यांत दोन न्याय नांदत आहेत.

मोडतोडीचा भार एकट्याने सोसावा हा निसर्गनियम नाही, हे याच भूमीत सिद्ध झालेले आहे. जुन्या गावगाड्यात बैलगाडीचा कणा मोडला तर सुतार तो दुरुस्त करी आणि सुगीला त्याला बलुते मिळे. त्या व्यवस्थेत जातीची गुलामी होती आणि तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण मोडक्या कण्याचा भार सबंध गावाच्या पिकावर पसरला पाहिजे, एवढे तरी तिला समजत होते. एस. टी.चे उदाहरण तर आधुनिक आणि लोकशाहीतले आहे. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली तेव्हापासून आजवर घाटात आणि माळावर एस. टी.चे किती ॲक्सल मोडले असतील! त्यापायी कोणा चालकाच्या घरावर बोजा चढला नाही. विभागाची कार्यशाळा असते, पुण्याजवळ दापोडीला मध्यवर्ती कार्यशाळा आहे, आणि खर्च सर्व गाड्यांवर आणि सर्व तिकिटांवर पसरतो. एस. टी.वर टीका करावी असे पुष्कळ आहे. पण ज्याने गाडी हाकली त्याच्याच मानेवर गाडीचे लोखंड ठेवू नये, हे तत्त्व तिने पाळले. ‘विना सहकार नाही उद्धार’ हे वाक्य पाटीवर लिहिणाऱ्या संस्थांना ते पाळता येऊ नये?

साधनांची अडचण असती तर गोष्ट वेगळी. किर्लोस्करवाडीला १९१० साली लोखंडी नांगराचा कारखाना उभा राहिला तो याच जिल्ह्यात. सांगली, मिरज, कुपवाड आणि सातारा येथील औद्योगिक वसाहतींत लोखंडाला आकार देणारे हात आहेत. भुईंज, शेंद्रे, यशवंतनगर, रेठरे, साखराळे, वाळवा, कुंडल, चिखली ही नावेच साखर कारखान्यांमुळे महाराष्ट्राला माहीत झाली. एवढ्या दाट पट्ट्यात एकमेकांपासून तासा-दोन तासांच्या अंतरावर कारखाने असताना त्यांनी मिळून सुट्या भागांचा साठा ठेवणे आणि खर्चाच्या किमतीत दुरुस्ती करून देणे हे अशक्य नाही. ज्या संस्था ऊस वेळेवर यावा म्हणून लाखोंची उचल वाटतात, त्यांना तो ऊस आणणाऱ्या गाडीसाठी एक कार्यशाळा परवडत नाही, हे कोणी मान्य करावे?

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. वजनकाट्याच्या पावतीवर प्रत्यक्ष वजनाशेजारी त्या वाहनाची कायदेशीर मर्यादाही छापली जावी, आणि मर्यादेबाहेरचा माल काट्यावर स्वीकारणारा कारखाना जादा भारास कारणीभूत मानला जावा. परंतु ही बंदी एकट्याने येता कामा नये, नाहीतर ती गाडीवाल्याच्या पोटावरचा आणखी एक पाय ठरेल. कायदेशीर वजनात गाडी आणि गाडीवाला दोघेही जगतील असा दर, झीज आणि मोडतोड धरून, हंगामापूर्वी लेखी जाहीर झाला पाहिजे. ऊसतोड कामगारांसाठीच्या गोपीनाथ मुंडे महामंडळाकरिता कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यावेत असे ठरवता येते, तर वाहन दुरुस्ती निधीसाठी उपपदार्थांच्या उत्पन्नातून टनामागे काही रक्कम बाजूला काढणेही ठरवता येईल. गाडी दुरुस्तीत उभी असेल त्या दिवसांचे व्याज आणि कपात थांबली पाहिजे. गाडीअभावी बसून राहिलेल्या टोळीला त्या दिवसाची मजुरी मिळाली पाहिजे. आणि पहिली मोळी गव्हाणीत पडण्यापूर्वी पाणंदी दुरुस्त झाल्या पाहिजेत.

या मागण्या निवेदन देऊन मान्य होणार नाहीत, हे कार्यकर्त्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. निवेदनाला हार घालून फाइलीत ठेवण्याची कला या दोन जिल्ह्यांत पुरेशी विकसित झालेली आहे. काम अधिक साधे आणि अधिक चिकाटीचे आहे. प्रत्येक गावातील गाडीवाल्यांकडून एका हंगामाच्या वजनपावत्या गोळा कराव्यात. त्यांच्या शेजारी नोंदणी पुस्तकांच्या प्रती लावाव्यात. तुटलेला ॲक्सल, क्रेन, मजुरी आणि बुडालेले दिवस यांची बिले त्यांना जोडावीत. ही कागदपत्रे घेऊन कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासद शेतकऱ्यांनीच उभे राहावे आणि विचारावे, हा खर्च ताळेबंदात कोठे आहे? ज्या दिवशी बाप मुलाच्या ॲक्सलचा हिशेब सभेत मागेल, त्या दिवशी शेतकऱ्याला गाडीवाल्याची भीती घालता येणार नाही.

१९४९ साली विभागणी होण्यापूर्वी सातारा आणि सांगली हा एकच जिल्हा होता, आणि त्या अखंड जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावोगावी न्यायमंडळे बसवून सावकारांना जाब विचारला होता. ‘घेतले किती, फेडले किती, आणि हा बोजा कोणी लादला’ असले प्रश्न त्या गावांना नवे नाहीत. रस्त्याच्या कडेला कलंडलेल्या प्रत्येक गाडीपाशी तेच प्रश्न आजही उभे आहेत. यंदाच्या हंगामात तुटणाऱ्या प्रत्येक ॲक्सलचे एक बिल तयार होईल. ते गाडीवाल्याच्या घरी जाऊ द्यायचे, की सर्वसाधारण सभेच्या टेबलावर ठेवायचे, हे कार्यकर्त्यांनी मोळी पडण्यापूर्वीच ठरवावे.